एकाच तारखेची माणसं

परभणी जिल्ह्यातून त्या दहा-बारा वर्षांत जी जी मुलं कॉलेजात गेली ती सगळी पिंगळीच्या काकांनी पाठवली होती, आणि जी गेली नाहीत त्यांना जाऊ नका असंही पिंगळीच्या काकांनीच सांगितलं होतं. हे माझं मत नाही, काकांचं आहे. पण ते खोडून काढणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. परवा फोनवर धाकटीने सांगितलं की तिच्या शाळेत पुढचे विषय निवडून देण्यासाठी एक बाई नेमलेल्या आहेत, त्यांच्या खोलीत मऊ खुर्च्या आहेत, आणि त्या मुलांकडून प्रश्नांची उत्तरं लिहून घेऊन कोण कशाला योग्य ते काढतात. "आजी, तुझ्या वेळी असं कोण होतं?" असं तिने विचारलं. फोनवर आटपण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. क्रमाने लिहीन, तुमच्या आजोबांसारखी गोष्ट मधूनच सुरू करणार नाही.

काका आमचे सख्खे काका नव्हते; वडिलांचे स्नेही. निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला उतरवण्यात त्यांची हयात गेली. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, आणि काका पेन्शन घेऊन पिंगळीला येऊन बसले. अंगात शेरवानी आणि खाली धोतर असा त्यांचा पोशाख. नव्या राज्यासाठी त्यांनी फक्त रुमी टोपी काढून काळी टोपी घातली. "बाकीचं अजून फाटलं न्हाई," असं ते म्हणत. कॉलेजची पायरी ते स्वतः कधी चढले नव्हते. पण दुसऱ्याने कोणत्या कॉलेजात जावं, तिथे काय शिकावं आणि आत शिरताना कोणत्या हातात कोणता कागद धरावा याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. पुढे मी जन्मभर कॉलेजात शिकवलं, तेव्हा कळलं की या बाबतीत ते एकटे नव्हते.

पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे, एवढ्या एका गोष्टीवर काकांचा सगळा कारभार उभा होता. हैदराबादकडून येणारी गाडी आधी पिंगळीला थांबायची, मग परभणीला. मॅट्रिकचा निकाल वर्तमानपत्रात छापून यायचा आणि वर्तमानपत्र गाडीने यायचं. म्हणजे परभणीच्या मुलांचा निकाल परभणीच्या आधी पिंगळीच्या फलाटावर काकांना कळायचा. ते त्याच गाडीत चढून परभणीला यायचे आणि पेपर काखेत दाबून घरोघर जायचे. पास झालेल्याच्या घरी आधी चहा मागायचे, नापास झालेल्याच्या घरी आधी पाणी. त्यामुळे काका ओसरीवर टेकून काय मागतात याकडे आईबापांचा जीव लागलेला असायचा. छप्पन्न साली आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि निकाल पुण्याहून, म्हणजे मनमाडच्या बाजूने यायला लागला. आता पेपर आधी परभणीला पोचायचा आणि मग पिंगळीला. भाषावार प्रांतरचनेवर मोठमोठ्या माणसांनी मोठमोठी भाषणं केली. काकांची तक्रार एवढीच होती, की गाडी उलट्या बाजूने यायला लागली. तीही त्यांनी आपली आपण मिटवली. निकालाच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे मुक्कामाला यायला लागले.

कचेऱ्यांविषयी त्यांचा एक सिद्धांत होता. "दफ्तर जे मागतं ते तुमच्याजवळ नसतंच. असलेलं मागितलं तर दफ्तर चालंल कसं?" म्हणून कुणी काही मागायच्या आत सगळं जवळ ठेवावं, असं ते सांगायचे. त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक मुलगा देवीची लस टोचल्याचा दाखला, वडिलांच्या शेताचा उतारा आणि मुलकी दाखला घेऊन घराबाहेर पडायचा. मुलकी दाखला म्हणजे हा माणूस याच मुलखातला आहे असं सांगणारा कागद. हैदराबादच्या राज्यात त्याच्यावाचून पान हलत नसे. ते राज्य गेलं, त्या दाखल्याला पुढे कुणी विचारेना, तरी काका तो काढायला लावायचेच. "राजं येतेत आन् जातेत. तू परभणीचाच हाईस का न्हाई?" मग मुलं दाखला काढायला जायची. चालचलणुकीचा दाखला ते दोन प्रतींत घ्यायला लावत. एक कॉलेजला द्यायची आणि दुसरी मुलाने स्वतःजवळ ठेवायची, वाचून तसं वागायला.

आणि काकांचे अर्ज. जन्मभर ज्या थाटाच्या अर्जांच्या नकला केल्या तो थाट त्यांच्या हातातून काही केल्या जात नव्हता. उर्दू गेली, मराठी आली, तेव्हा त्यांनी त्या थाटाचं मराठी केलं. अर्ज रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना असला तरी पहिल्या चार ओळींत ते 'न्यायसिंधू, गरिबांचे पोशिंदे, ज्यांच्या सावलीत वाघ आणि बकरी एका पाणवठ्यावर येतात असे' असायचे. मग पानभर अर्जदाराचं लहानपण, मग अर्जदाराच्या वडिलांची नम्रता, आणि अगदी तळाशी, सही करायला जागा उरते तिथे, 'सबब दाखल करून घ्यावे' एवढी एक ओळ. एका प्राध्यापकांनी म्हणे अर्ज अर्ध्यापर्यंत वाचून विचारलं होतं, "यात कोण वारलं आहे?"

आता विषय निवडण्याकडे येते, कारण धाकटीचा प्रश्न तोच होता. काकांची सासुरवाडी सोनपेठची. तिथला आठवडी बाजार हीच त्यांची परीक्षेची जागा. पास झालेल्या मुलाला ते एस.टी.ने सोनपेठला घेऊन जात, बाजाराच्या तोंडाशी सोडून देत आणि म्हणत, "मी चहा पितो, तू फिरून ये." मग चहा न पिता त्याच्या मागोमाग हिंडत. मुलगा कशापाशी थांबतो यावर त्याचा जन्म ठरायचा. तराजूपाशी थांबला तर कॉमर्स. दोन माणसांच्या भांडणापाशी थांबला आणि भांडण संपलं तरी हलला नाही, तर वकिली. मेंढ्या राखणाऱ्या घरातला एक मुलगा बकरीचे दात बघून व्यापाऱ्याशी वाद घालायला लागला, त्याला काकांनी तिथल्या तिथे जनावरांचा डॉक्टर करून टाकलं, आणि तो झालाही. जो भज्यांच्या गाड्यापाशी थांबला त्याला आर्ट्स. मुलगा हुशार असेल आणि भज्यांपाशीच थांबला असेल, तर त्याला दुसऱ्या बाजाराची संधी मिळायची.

बोरीचा एक मुलगा मात्र अख्खा बाजार हिंडून कशापाशीच थांबला नाही. लोकांनी आपणहून त्याला वाट करून दिली, एका म्हातारीने त्याच्यापुढे काही गाऱ्हाणंही मांडलं, त्याने 'बघू' म्हणून मान हलवली आणि पुढे निघाला. काका हरखून घरी आले. "ह्यो तहसीलदार होतोय," त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "आत्ताच झालाय म्हणा ना." ते तुमचे आजोबा. पण त्यांच्याकडे नंतर येते. त्यांना ताटकळत ठेवलेलं चालतं.

मला काका बाजाराला न्यायला तयार नव्हते असं नाही, पण मुलीच्या जातीला बाजारात सोडून चहा प्यायचं कसं, हा प्रश्न होता. शेवटी माझी आत्या बरोबर आली. आत्या विधवा होती, आमचं घर तिच्या हातात होतं, आणि शिक्षणावर तिचा राग नव्हता, फक्त विश्वास नव्हता. बाजारात मी कासाराच्या दुकानापाशी थांबले. त्याने हिरव्या बांगड्यांत निळ्या आणि मोठ्या मापात लहान अशा कशाही टांगल्या होत्या. त्या बघून मला राहवेना, आणि आत्या भाव करत होती तेवढ्यात मी त्या रंगाने आणि मापाने लावून टाकल्या. कासार म्हणाला, "बाई, माझं दुकान हाय, शाळा न्हाई." काका मागेच उभे होते.

"काय बघायलीस?" त्यांनी विचारलं.

"चुकीच्या लावल्या होत्या," मी म्हटलं.

"आन् त्याला विचारलंस?"

"चूकच होती ना. विचारायचं काय त्यात?"

काकांनी आत्याकडे बघितलं. "आक्का, ही दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरणार. हिला इंग्रजी द्या. त्यात चुका लय होतेत लोकांच्या." त्या दिवसापासून मला ते 'मास्तरीणबाई' म्हणायला लागले. घरी येताना त्यांनी आणखी विषय सुचवले, त्यात तर्कशास्त्र होतं. आत्याने विचारलं, ते काय असतं. काका म्हणाले, "भांडणात शेवटचा शब्द आपला ठेवायची विद्या." आत्या म्हणाली, "मंग ते येतंच की तिला. त्याची फी कशाला भरायची?"

तर विषय ठरला. मार्क बरे होते. औरंगाबादला मामाकडे राहण्याची सोय होती. वडिलांनीच फक्त एक अट घातली. बोरीचं स्थळ आलेलं होतं, घर चांगलं होतं, आणि मंडळी तुळशीच्या लग्नाच्या पुढे थांबायला तयार नव्हती. वडील म्हणाले, "कॉलेजात घेतलं तर शीक. मी बोरीकरांना नाही म्हणून सांगतो. पण यंदा नाही घेतलं, तर पुढच्या वर्षाचं मला सांगू नका." वडील एकदा बोलले की तेच असायचं. मी तो मुलगा पाहिला नव्हता. तो वाईट असेल असंही मला वाटत नव्हतं. मला इंग्रजी शिकायचं होतं, इतकंच, आणि ते मला किती हवं आहे हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातल्या मुलांना शाळेत घालायला काकाच न्यायचे. मास्तर जन्मतारीख विचारत. तारीख कुणाला माहीत असणार? कुणाची आई सांगायची, म्हैस व्याली त्याच्या आठ दिवस आधी. कुणी म्हणायचं, विहिरीला पाणी लागलं त्या साली. त्या वेळी निजामाच्या सरकारी कागदांत फसली साल, म्हणजे पिकांच्या हंगामावरून धरलेलं साल चालायचं, आणि त्याचा पहिला महिना आजूर. काका प्रत्येक मुलाला एकच दिवस द्यायचे, आजूरची पहिली. "सालाचा पहिला दिवस हाय. कारकुनाला लिवायला सोपा, पोराला ध्यानात ठेवायला सोपा." इंग्रजी हिशेबाने तो दिवस सहा ऑक्टोबरला येतो. मला शाळेत घालताना दिवस काकांनी दिला आणि साल आत्याने. आत्याने दोन वर्षं कमी सांगितली. मुलगी कागदावर लहान असली की पुढे स्थळं चांगली येतात, असा त्यामागे विचार होता. मास्तरांनी माझ्या उंचीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी काका आणि मी औरंगाबादच्या कॉलेजच्या कचेरीत उभे होतो. काकांच्या हातात दाखल्यांची पत्र्याची पेटी होती. हेडक्लार्क पुण्याकडून बदलून आलेले; कपडे इस्त्रीचे आणि बोलणंही इस्त्रीचं. त्यांनी लशीचा दाखला बाजूला ठेवला, शेताचा उतारा बाजूला ठेवला, मुलकी दाखला उलटा करून बघितला आणि तोही बाजूला ठेवला. मग शाळेचा दाखला वाचून ते म्हणाले, "हिचं वय भरत नाही. एक ऑक्टोबरला पंधरा पूर्ण हवीत. हिला सहा ऑक्टोबरला होतात. पाच दिवस कमी आहेत."

काका हसले. "पाच दिवसाला काय बघायलाव साहेब? इथं अख्खं राज्य इकडचं तिकडं झालं."

"नियम आहे."

"मंग नियमानंच बोलू. फसली साल बंद करून सरकारनं इंग्रजी साल लावलं. आमचं वरीस आजूरपासून चालायचं, ते मधीच तोडलं आन् जानेवारीपासून नवं धरलं. मधले दिवस गेले कुठं? सरकारजमाच झाले न्हवं? त्यातले पाच या पोरीला द्या. बाकीचे ठिवा तुमी."

"दिवस जमा होत नसतात."

"मंग कमी कसे होतेत?"

हेडक्लार्कनी टेबलावरचे आणखी काही अर्ज पुढे ओढले. "आणि हे काय आहे? सकाळपासून परभणीकडचे जेवढे आले ते सगळे सहा ऑक्टोबरचे. तुमच्याकडे इतर दिवशी कुणी जन्मत नाही?"

"त्या दिवसांत बायांना जरा सवड असती," काका म्हणाले.

हेडक्लार्कना हसू आलं नाही. "पुढच्या वर्षी आणा हिला," म्हणून त्यांनी माझा दाखला काकांच्या बाजूला सरकवला. पुढचं वर्ष म्हणजे बोरी, हे मला आणि काकांनाच माहीत होतं. मी रडले नाही. टेबलावर दौत, टाक आणि टिपकागद वेडेवाकडे पडले होते, ते मी सरळ रेषेत लावायला लागले. हेडक्लार्क बघत राहिले. काकांनी माझ्या हाताकडे बघितलं, पेटी बंद केली आणि म्हणाले, "मोठ्या साहेबांना भेटायचंय."

प्राचार्य शांत गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी वाट बघत होते की आता काका न्यायसिंधूपासून सुरुवात करतील. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना बिनटोपीचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोकं अगदी लहान होतं.

"साहेब, ही पोरगी श्रावणातली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. सोळा कवाच सरलेत. हिच्या बापाला शेतातून बोलवायला मीच गेल्तो."

"मग कागदावर हे काय आहे?"

"साल हिच्या आत्यानं दिलं. दिवस मी दिला."

"म्हणजे शाळेत खोटी तारीख नोंदवली?"

"खोटी न्हाई साहेब. दिलेली." काकांनी दाराकडे बोट केलं. "बाहीर परभणीची पोरं बसलेत, त्यांनाबी मीच दिली. आन् आधी जे येऊन शिकून गेले, नोकरीला लागले, त्यांना. त्यांचा काय गुन्हा न्हाई त्यात, त्यांना म्हाईतबी न्हाई. माझं एकट्याचं नाव लिवून घ्या. पेन्शन माझी हाय, काय करायचं ते तिला करा. पर या पोरीला आत घ्या."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना एकच दिवस कशासाठी दिलात?"

"एखादा तर द्यायला लागतो साहेब. नसला की दारात उभं राहावं लागतं."

"तुमची स्वतःची तारीख कोणती?"

"मला न्हाई," काका म्हणाले. आणि मग, ज्या माणसाने शेकडो अर्जदारांचं लहानपण पानपानभर रंगवलं होतं, त्याने आपलं पाच वाक्यांत सांगितलं. "मी शाळेत बरा होतो. हैदराबादला पुढं शिकायला गेल्तो. तिथं कारकुनानं तारीख इचारली, मी म्हणलो, माय सांगती, प्लेगच्या सालात, जवारी निसवली तव्हाची. त्यो म्हणला, ही तारीख न्हाई, घरून तारीख घेऊन ये. घरी येऊन मायला इचारलं तर ती म्हणली, तारीख कशी असती ते सांग, मंग आठवून बघती."

निसवणं म्हणजे पिकाची कणसं बाहेर पडणं. तुम्हाला हा शब्द माहीत नसेल, म्हणून लिहिला. प्राचार्यांना माहीत होता, कारण त्यांनी त्याचा अर्थ विचारला नाही. मग त्यांनी हेडक्लार्कना बोलावलं. "वयात काही दिवस कमी पडत असतील तर सूट द्यायचा अधिकार प्राचार्यांना आहे ना?"

"आहे, सर. महिनाभरापर्यंत."

"मग यांना सांगितलं का नाहीत?"

"अर्जात मागितली नव्हती, सर."

तुम्ही पुढे कधी कचेरीत जाल तेव्हा हे वाक्य लक्षात ठेवा. सगळ्या जगात ते एकाच स्वरात म्हणतात.

प्राचार्यांनी सांगितलं, सूट मागणारा अर्ज द्या, इथेच, एका ओळीचा. 'एका ओळीचा' हे ऐकून काका पेन्शन गेल्यावरही दुखावले नसते इतके दुखावले. त्यांनी विनंती केली की निदान 'गरिबांचे पोशिंदे' तरी असावं. प्राचार्य म्हणाले, नको, आणि मुलीलाच लिहू दे. मी इंग्रजीत लिहिला. माझं आयुष्यातलं पहिलं इंग्रजी, जे कुणाला खरोखर काही मागायला लिहिलं होतं. काकांनी कागद हातात घेतला, एक ओळ खालून वर, वरून खाली बघितली, आणि हळूच मला विचारलं, "एवढंच? यात साहेबाची अब्रू कुठं हाय?" प्राचार्यांनी सही केली. बाहेर बसलेल्या मुलांविषयी किंवा तारखांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. हेडक्लार्कनी विषय विचारला. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "इंग्रजी. सोनपेठला ठरलंय."

घरी आल्यावर आत्याने एवढंच विचारलं की बोरीकरांना आता काय सांगायचं. काका म्हणाले, "काय सांगायचं न्हाई. त्या पोरालाबी कॉलेजात घातलंय मी. घरी रिकामा ठिवून काय करायलेत त्याचं?" बोरीकरांचा मुलगा आमच्या आधीच गाडीत बसून गेला होता. आम्ही दोघं आपापलं शिकून आलो तेव्हा तेच स्थळ पुन्हा आलं, आणि त्या वेळी मी नाही म्हटलं नाही. तुमच्या आजोबांचा आणि माझा वाढदिवस एकाच दिवशी येतो, याला तुम्ही लहानपणी योगायोग समजायचात आणि एकच केक कापून आमची बोळवण करायचात. आता तुम्हाला कळलं असेल. आमच्या लग्नात जेवायला बसलेल्या पंगतीत निम्मी माणसं त्याच दिवशी जन्मलेली होती. दुसऱ्याच्या वाढदिवसाला आमच्यात कुणी कुणाला कधी शुभेच्छा देत नसे. स्वतःच्या लक्षात राहिला की सगळ्यांचा झाला.

लग्नानंतर मी नांदेडला शिकवत होते. एकदा ऑक्टोबरच्या सहा तारखेला नांदेडहून पॅसेंजरने परभणीला येत होते. खिडकीशी बसले होते. पूर्णा गेलं, आणि पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. कणसं नुकती बाहेर पडली होती, मैलच्या मैल, सगळी एका उंचीवर, जणू कुणी नीट लावून ठेवली आहेत. इतकी वर्षं त्याच गाडीने त्याच दिवसांत मी गेले होते आणि पुस्तक वाचत बसले होते. पिंगळी आलं. काका नेहमीसारखे फलाटावर होते. आता ते बरेच वाकले होते, आणि निकालाचे दिवस नसले तरी गाडीला यायचे.

खिडकीतून मी म्हटलं, "काका, ज्वारी निसवली की."

काकांनी मान वळवून रुळांपलीकडच्या शेताकडे बघितलं. "निसवती," ते म्हणाले. "दर साली ह्याच सुमाराला." मग माझ्याकडे न बघता, "कारकुनाला सोपा दिवस हाय त्यो," म्हणाले.

मी खाली उतरायला उठले तर त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. "गाडी सुटायलीय, मास्तरीणबाई."

त्यानंतर तीन-चार वर्षांत ते गेले. किती वर्षांचे होते, ते कुणालाच सांगता आलं नाही.

माझा खरा वाढदिवस श्रावणात येतो आणि निघून जातो. मी कुणाला सांगत नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. तुमचे फोन येतात ते ऑक्टोबरच्या सहा तारखेला. परदेशातून एकामागून एक येतात, तुमच्याकडच्या वेळा जुळवून, आणि मी प्रत्येकाला थँक यू म्हणते. आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आजोबांच्या वाटणीचेही मीच घेते. यंदा फोन कराल तेव्हा आधी काकांच्या वाढदिवसाचं म्हणा. त्यांचं नाव तुम्हाला सांगितलेलं नाही, पण पिंगळीचे काका म्हटलंत तरी चालेल. दिवस त्यांचाच आहे.